अकरा तपासनीस

त्र्यंबकराव केळुसकरांनी लग्नाच्या मांडवातली पानं दोनदा मोजली. एकसष्ट भरली. लढाईच्या टंचाईत पन्नासांहून जास्त पाहुणे जेवू घालायचे नाहीत असा सरकारी हुकूम होता, आणि तो अमलात आणायचे अधिकार नुकतेच गावच्या धान्य कमिटीला, म्हणजे अध्यक्ष त्र्यंबकरावांना, मिळाले होते.

"अकरा जणांना उठवा," त्यांनी फर्मावलं.

वधूपिता रडकुंडीला आला. "वऱ्हाडी उठले तर लग्न मोडेल हो! त्यापेक्षा गावातलं कुणी उठवा."

त्र्यंबकराव गावातल्या बायकांच्या पंगतीकडे वळले. पहिल्या पानावर त्यांची बायको, शेजारी सासूबाई आणि पुढे बायकोच्या माहेरच्या नऊ जणी.

"उठवून तर बघा," बायको म्हणाली.

त्यांना घाम फुटला. हुकुमाचा कागद पुन्हा वाचताना मात्र चेहरा उजळला. कमिटीला मदतीला तपासनीस नेमता येत होते, आणि तपासायला आलेली माणसं पाहुण्यांत धरायची नव्हती. त्र्यंबकरावांनी उभ्याउभ्याच त्या अकरा जणींची नेमणूक करून टाकली.

"आता तपासा!"

बायकोने भुरका मारला आणि कमिटीचा पहिला अहवाल दिला, "आमटी अळणी आहे."