तिरका माग

सुनिताचा पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजला होता आणि सटवा अजून देवळात आला नव्हता.

देवळासमोर जीप उभी होती. ती उपकेंद्राच्या नर्सनं, ऋतुजानं, बोलावली होती. केजचा सरकारी दवाखाना अर्ध्या तासावर. पण सुनिताचे सासरे मोहनराव सुनेला जीपमध्ये बसू देत नव्हते. वाडीत साप चावला की आधी बिरोबाचा कौल, मग बाकीचं. सुनिता सकाळी शेतातल्या गंजीतून कडब्याची पेंढी ओढत होती, तेव्हा चावलं. साप कुणी पाहिला नव्हता. ऋतुजानं विषाचं सांगितलं, रक्त गोठायचं थांबतं तेही सांगितलं, शेवटी पोलिसांचं नाव घेतलं. मोहनराव म्हणाले, पोलीस आले तर त्यांनाही बसायला सतरंजी टाकतो, पण कौल लागल्याशिवाय सून हलणार नाही.

सटवा आला तो घराकडून नाही, मोहनरावांच्या शेताकडून आला. सत्तरी ओलांडलेला धनगर. जन्म मेंढरांमागं गेलेला, घरात एकटाच. गेली तीस वर्षं बिरोबाचा कौल तोच लावायचा. धोतर गुडघ्यापाशी मातीनं भरलं होतं. त्यानं सुनिताकडे नीट पाहिलंही नाही. हात धुतले, एक फूल पाण्यात बुडवलं आणि देवाच्या कपाळावर चिकटवलं. फूल उजवीकडे पडलं तर देव स्वतः विष उतरवणार, माणसानं रात्रभर देवळात राहायचं आणि लिंबाचा पाला चावायचा. डावीकडे पडलं तर देव ते काम अंगावर घेत नाही.

फूल डावीकडे पडलं.

"देव घेत न्हाई," सटवा म्हणाला. "केजला न्या."

मोहनरावांनी सुनेला स्वतः उचलून जीपमध्ये ठेवलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, बघतोस काय, काढ लवकर.

केज येईपर्यंत सुनिताच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. डॉक्टरांनी विषावरची इंजेक्शनं सुरू केली. सापाचं नाव त्यांनी फुरसं सांगितलं, आणि अजून तासभर उशीर झाला असता तर आपण काही सांगू शकलो नसतो, असंही सांगितलं. सहाव्या दिवशी सुनिता आपल्या पायांनी घरी आली. मोहनरावांनी बिरोबाला नारळ फोडला. ऋतुजाला त्यातला तुकडा मिळाला.

तिच्या पिशवीत सटवाच्या कौलाविरुद्धचा तक्रारअर्ज महिनाभर तयार होता. खाली सहीसुद्धा केलेली होती. तो तहसीलला द्यायच्या आधी पुरावा जोडावा म्हणून तिनं उपकेंद्राची गेल्या वीस वर्षांची रजिस्टरं काढली, मग वाडीत घरोघर जाऊन विचारलं. सटवानं दवाखान्यात धाडलेली माणसं चौदा. देवळात ठेवून घेतलेली नऊ. मेलेलं एकही नाही. तिनं पुन्हा मोजलं. मग अर्ज पिशवीतच राहू दिला आणि ती सटवाला शोधत माळावर गेली.

तो मेंढरं चारत होता. तिनं आडवळणानं काही विचारलं नाही, त्यानंही लपवलं नाही. काठीनं माती सारखी केली आणि एक लांब नागमोडी रेघ ओढली. ही धामण, म्हणाला. हिच्या चावण्यानं माणूस मरत नाही, भीतीनं मरतो, त्याला रात्रभर देवळात धीर मिळतो. मग त्या रेघेशेजारी त्यानं तुटक तुटक तिरक्या रेघा मारल्या, एकीचा दुसरीला स्पर्श नाही. प्रत्येकीचं टोक विळ्यासारखं वळलेलं.

"फुरसं सरळ सरपटत न्हाई, बाई. आंग बाजूला फेकतंय. एक रेघ इथं, दुसरी तिथं, मधी माती कोरीच. मोहनरावाच्या गंजीपाशी अशा सात होत्या."

फुलाचंही त्यानं सांगितलं. कोणती कड जास्त ओली ठेवायची, अंगठा किती दाबायचा. त्यात अवघड काही नव्हतं.

ऋतुजा म्हणाली, मग लोकांना हेच सांगा ना बाबा. माग दाखवा आणि दवाखान्यात जा म्हणा.

"तुमी मोहनरावाला काय कमी सांगितलं?" सटवानं विचारलं.

ऋतुजानं विचारलं, सगळ्यांनाच का धाडत नाही? एखाद्या दिवशी माग ओळखायला चुकलात तर? तो म्हणाला, ती भीती आहेच. पण देव सगळ्यांनाच परत पाठवायला लागला, तर लोक या देवाकडे यायचेच नाहीत. पलीकडच्या गावात एक बाबा बसतो. तो कुणालाच दवाखान्यात धाडत नाही.

"आणि मागच नसला तर? फरशीवर चावलं, खडकावर चावलं?"

"तवा फूल डावीकडंच पडतंय."

ऋतुजा दगडावर बसली. महिनाभर जपलेला राग आता कुठं ठेवावा हे तिला कळेना. तिला जरा हसूही आलं.

"म्हणजे देवानं आपणहून उजवा कौल कधी दिलाच नाही तर," ती म्हणाली.

कळपातून बाजूला निघालेल्या एका मेंढीला सटवानं काठी आडवी धरून परत वळवलं.

"एकडाव दिलता," तो म्हणाला. "कौल लावाया लागलो त्या पयल्याच साली. माझ्या लेकीला, रोहिणीला, फुरसं चावलं तवा. मी तिला देवळातच ठिवली. दिस उगवायच्या आत गेली."