एक जादा ठिपका

"ताई, तुमच्या नमुन्यात कॉफी सांडलीय," मास्तर म्हणाला.

प्रयोगशाळेत त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण मशीनवरचा आलेख हातात देताना तो नापास झालेल्या मुलाचा पेपर द्यावा तसं तोंड करायचा.

"माझ्या टेबलावर पाण्याचा पेलासुद्धा नसतो," ती म्हणाली. "बिस्किटांचा चुरा तुमच्याकडे असतो."

"मग हे कॅफिन आलं कुठून? सदाफुली कॅफिन बनवत नाही, एवढं मलाही कळतं."

तिला तर त्याहून जास्त कळत होतं. सत्तावीस वर्षं ती सदाफुलीच्या पानांतली अल्कलॉइड, म्हणजे औषधी द्रव्यं, वेगळी करत आली होती. काचेच्या उभ्या नळीत सिलिका भरायची, वरून पानांचा अर्क सोडायचा आणि द्रावक थेंबथेंब उतरू द्यायचं. एकेक पदार्थ आपापल्या चालीने सुटा होऊन खाली येतो. फक्त नळी कोरडी पडता कामा नये. कोरडी पडली की सिलिकेला भेगा जातात आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलाने ती कोरडी पडू दिली होती. तो तिच्याच हाताखाली काम शिकत होता, आणि त्या नळीत तीन महिन्यांची मेहनत होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या हातून काही होणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर उभा राहू नकोस."

तो राहिला नाही. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा त्याचं कपाट रिकामं होतं. फोन लागला नाही, मित्रांना पत्ता नव्हता.

काही महिन्यांनी पहिलं पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही, नुसती मूठभर सदाफुलीची वाळलेली पानं. सदाफुली तिला दुसरं कोण पाठवणार, तोच. मग दर वर्षी, त्याच महिन्यात. यंदाचं सहावं. पोस्टाचा शिक्का दर खेपेला वेगळ्या गावचा, म्हणजे जाणाऱ्यायेणाऱ्या कुणाच्या तरी हाती टाकायला दिलेलं. नवरा नेमका त्याच दिवसांत बहिणीकडे गेलेला असायचा, त्यामुळे प्रत्येक पाकीट तिला एकटीलाच उघडावं लागलं. ती पानं नाकाशी धरायची. वाळल्या सदाफुलीला सांगण्यासारखा वास नसतो, हे इतरांना शिकवणारी बाई ती. तरी धरायची. त्या पानांना त्याचा हात लागलाय, एवढं तिला पुरत होतं.

मग एकदा तिच्या डोक्यात आलं, झाड जिथलं असेल तिथली माती, तिथलं पाणी पानात उतरणारच. तिने ओळखीपाळखीच्यांना, जुन्या विद्यार्थ्यांना गळ घालून एकतीस गावांची सदाफुली मागवली. सगळ्यांच्या अर्काचे थेंब सिलिका लावलेल्या काचपट्टीवर पाकिटातल्या पानांच्या अर्काशेजारी ठेवले आणि द्रावकाबरोबर त्यांचे ठिपके कुठवर चढतात ते पाहिलं. पाकिटातल्या पानांत एक ठिपका जादा होता, दर वर्षी तोच, त्याच उंचीवर. एकतीसपैकी एकाही गावात तो नव्हता.

यंदा तिने जिवापाड जपलेली सगळी पानं, एकही मागे न ठेवता, खलात घातली आणि तो ठिपका वेगळा काढला. तळाशी पांढऱ्या सुया जमल्या, जेमतेम चिमूटभर. त्या सुयाच मास्तरने मशीनवर लावल्या होत्या.

तिने सगळी काचसामग्री पुन्हा धुतली, नवी द्रावकं फोडली, नुसतं द्रावक चालवून बघितलं. ते कोरं आलं. पानांच्या उरलेल्या अर्कात मात्र कॅफिन पुन्हा हजर.

मास्तरने डोकं खाजवलं. "मातीत असलं तर झाड मुळांवाटे ओढून घेतं म्हणा."

"मातीत कॅफिन कुठे असतं?"

"कुठे असणार? कॉफीच्या मळ्यात. गळलेली पानं, फळं तिथेच कुजत पडतात."

ती स्टुलावर बसली. मास्तर पाणी आणायला धावला, तर ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अहो, तो कॉफीच्या मळ्यात आहे!" घरात पाऊल टाकतानाच तिने सांगितलं.

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "कुणी सांगितलं?"

"पानांनी."

"पानं पत्ते सांगायला लागली तर पोस्टमनने काय करायचं?" तो म्हणाला, पण हसला नाही. तिने सगळं समजावून सांगितलं. कॉफीचा डोंगराळ पट्टा एका दिवसाच्या वाटेवर होता. तिने दोन तिकिटंही काढून आणली होती, उद्या सकाळी नऊची बस.

"अगं, तिथे गेलीस आणि तो नसला तर?"

"तर पुढच्या मळ्यात बघू."

"आणि भेटला तर? काय बोलशील?"

"म्हणेन, नळीच होती रे. काचेची नळी. तिच्यापायी मी तुला घालवलं."

नवरा उठून आत गेला. बराच वेळ मोरीतला नळ वाहत राहिला.

सकाळी ती आठ वाजता घरात होती, हेच नवल. एरवी साडेसहालाच बाहेर पडायची, तेव्हा नवऱ्याचं घोरणं चालू असायचं. रविवार असो, सण असो, नळीला सुट्टी कळत नाही. आज तिने सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच लागोपाठ आठ दिवसांची रजा घेतली होती. पिशव्या दारापाशी तयार होत्या. मुलाचा जुना स्वेटर तिने वरच ठेवला होता, डोंगरात थंडी असते म्हणून.

"अहो, आवरलं का? बस चुकेल!"

हाक मारत ती मागच्या गॅलरीत गेली. तो कठड्याशी पाठमोरा उभा होता, हातात कप.

"आलोच," तो म्हणाला, आणि कपातली उरलेली कॉफी त्याने खाली न बघता, सवयीच्या हाताने सदाफुलीच्या कुंडीत ओतली.