कवडी आफ्रिकेला निघाली

"घोडीलेबी पासपोर्ट लागते?" जमनीनं नवऱ्याला विचारलं.

"लागते," देवसिंग म्हणाला. "अंगावरच्या साऱ्या खुणा लिहा लागतात. रंग तांबडा, पाय काळे, कपाळावर पांढरी कवडी."

"तुमच्या अंगावर काय खुणा हायेत, मले त आजवर कोनी इचारलं नाई."

देवसिंग हसला नाही. तो बैलगाडी सोडत होता. पहाटे दिग्रसच्या खरेदी केंद्रावर नेलेला कापूस ओला आहे म्हणून ग्रेडरनं परत पाठवला होता. आठवड्यात दुसऱ्यांदा.

"पुन्हा रिजेक्ट?"

"पुन्हा. पास होते ते जाते, रिजेक्ट होते ते घरी येते." गाडीतल्या कापसावरून त्यानं हात फिरवला. "आपलं नेहमी घरीच येते."

जमनी बैलांना पाणी दाखवायला निघाली. जाता जाता म्हणाली, "भीमसिंगभाऊची घोडी लय खोकून राह्यली म्हने. नाक वाह्यते. पंधरा दिवस झाले, वरातीले कोनी बोलावत नाई तिले. कवडीले तांड्याकडं नेऊ नका."

"नाई नेत," देवसिंग म्हणाला. भीमसिंग त्याचा चुलतभाऊ. त्याचा तांडा कोसभरावर होता.

कवडी ही घोडी बबनरावांची; देवसिंग तिची देखभाल करायचा. बबनरावांची जिनिंग दोन वर्षांपासून बंद पडली होती. टांझानियातल्या एका जिनिंगमध्ये त्यांना व्यवस्थापकाची नोकरी मिळाली होती आणि महिन्याभरात बिऱ्हाड हलायचं होतं. आई नसलेली अकरा वर्षांची सलोनी मात्र कवडीशिवाय येणार नाही म्हणून अडून बसली होती. बबनरावांनी मोटार विकली आणि घोडीसाठी विमानात जागा धरली.

कवडीची आई तिला जन्म देऊन मेली. देवसिंगनं तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं, त्याला नऊ वर्षं झाली. ती गूळ खायची तो त्याच्याच डाव्या हातातून. उजवा हात पुढे केला की मान फिरवायची. सलोनीनं लाख वेळा करून पाहिलं होतं.

"तुले वाईट वाटत असन, देवसिंग," बबनराव एकदा म्हणाले.

"वाईट कायले, मालक? पोरीचं अन् घोडीचं बरं होऊन राह्यलं."

"रक्त तेवढं पास झालं पाहिजे. घोड्यांचा नाकाचा काही रोग असतो म्हणे. तो निघाला तर देशाबाहेर जाऊ देत नाहीत."

देवसिंगचा खरारा थांबला. "मंग?"

"मंग काय, विमानात घेणार नाहीत."

खरारा पुन्हा सुरू झाला.

रक्त घ्यायला डॉक्टर बुधवारी यायचे होते. बबनराव व्हिसासाठी मुंबईला गेलेले, सलोनी शाळेत. देवसिंगनं नेहमीसारखं पहाटे कवडीला फिरायला नेलं आणि उन्हं वर आल्यावर परतला.

"चुन्याची डबी कोनं रिकामी केली?" जमनी विचारत होती. "कालच त भरलती."

"तंबाखू जास्त झाली असन."

"एका राती? दात पडतीन एक दिवस."

डॉक्टर यवतमाळहून जीपनं आले. नवीनच होते आणि घाईत होते. कागद हातात धरून त्यांनी वाचलं, "तांबडा रंग. काळे पाय. कपाळावर कवडीसारखा डाग. बरोबर."

देवसिंगनं आपल्या दुपट्ट्यानं घोडीचं नाक पुसलं आणि दोर आखूड धरला. घोडी खोकली.

"धुयीनं खोकते, साहेब."

सुई टोचताच घोडी बिचकली. देवसिंगनं उजव्या हातानं गुळाचा खडा पुढे केला. तिनं तो खाल्ला आणि शांत झाली. डॉक्टरांनी नळीवर चिठ्ठी चिकटवली, देवसिंगची सही घेतली आणि ते निघून गेले. दुपारी देवसिंग घोडीला पुन्हा एक चक्कर फिरवून आला.

बाराव्या दिवशी फोन आला. बबनराव ओट्यावर येऊन बसले. आत सलोनी रडत होती.

"रक्तात रोग निघाला, देवसिंग. कवडी येत नाही."

देवसिंगनं विचारलं, "मंग इथंच राह्यते?"

"डॉक्टर उद्या येऊन सांगणार आहेत पुढचं. या पोरीची समजूत कशी काढू, मला सुचत नाही."

"मी हावो ना, मालक. सलोनीबाईले सांगा, काळजी करू नको. कवडीचे फोटो काढून धाडत जाईन मी. सणावारी गोंडे लावीन, त्याचेबी धाडीन."

एवढं एका दमात बोलताना बबनरावांनी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं तो पोहरादेवीला गेला.

"कोनता नवस?" जमनीनं विचारलं होतं.

"होता एक."

नारळ फोडून, प्रसाद घेऊन तो चार वाजता परतला. डाव्या मुठीत गुळाचा खडा होता. मालकांच्या घराला कुलूप होतं. बबनराव सलोनीला घेऊन यवतमाळला नातेवाइकांकडे गेले होते. तबेल्याच्या दारात जमनी एकटी बसली होती. तबेला रिकामा होता. मागं जिनिंगच्या पडीक आवारात नवी माती होती आणि तिच्यावर चुन्याचा जाड थर.

"सरकारी मानसं आलते," जमनी म्हणाली. "तोंडाले फडकं बांधून. हा रोग मानसालेबी होते म्हने. घोडी जित्ती ठेवता येत नाई, कायदा हाये. कागदावरच्या खुणा पाह्यल्या, साऱ्या जुयल्या. मंग एकच सुई देल्ली." तिनं पदरानं डोळे पुसले. "मी गूळ देला होता तिले. खाल्ला नाई. रस्त्याकडं पाहून राह्यली होती."

देवसिंग आल्या पावली वळला आणि तांड्याच्या वाटेला लागला. आधी चालत, मग पळत.

भीमसिंगच्या अंगणात खुंट्याला तांबडी घोडी बांधलेली होती. त्याला पाहून ती खोकली. तिच्या कपाळावरचा चुना अजून पुरता गेला नव्हता.