दादाने दिलेलं पेडल

“बाबा, तुमची गिटार ऐकूच येत नाही. तुम्ही नुसती बोटंच हलवता का?” मुलीचा प्रश्न गिटारवाल्याच्या जिव्हारी लागला. बँड त्याच्या थोरल्या भावाचा, गाणाराही तोच. त्यानेच मग गिटारचा आवाज वाढवणारं, पायाने दाबायचं पेडल हौसेने आणून दिलं. गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडल्यावर सूर नुसताच खरखरला. दुरुस्तीवाला म्हणाला, “अ‍ॅम्पच्या मागे ‘इफेक्ट्स लूप’ लिहिलेली भोकं आहेत, तिथे जोडा. आवाज फाटणार नाही, फक्त वाढेल.” कार्यक्रमाला मुलगी शेवटच्या रांगेत बसली. गिटारचा तुकडा येताच त्याने पेडल दाबलं; सूर सभागृहभर उसळला आणि लगेच बुडाला. समोर सगळ्यांचे आवाज सांभाळणारा मिक्सरवाला गिटारच्याच आवाजाची कळ खाली ओढत होता. नंतर तो ओशाळून म्हणाला, “दादांचा हुकूम आहे. तुम्ही वर आलात की खाली घ्यायचं. पहिल्यापासून.” तेवढ्यात भावाने पाठीवर थाप मारली. “काय रे, पेडल कामाला आलं ना?” शेजारी येऊन उभी राहिलेली मुलगी बापाकडे बघत होती. “आलं, दादा,” तो म्हणाला.