सपाट कपाळ

"आईला फार दुखतंय हो," मृदुलानं तिसऱ्यांदा सांगितलं.

सिस्टर गावितांनी खाटेवरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर हिरवं शून्य होतं. "तोंडी सांगितलेलं आता चालत नाही, ताई. कपाळाच्या आठ्या बघूनच मशीन औषध सोडतं. लोक खोटं कण्हायला लागले होते ना."

आईचा कॅन्सर मणक्यात पोचला होता. तिची बोटं चादर पिळत होती, कपाळ मात्र इस्त्री केल्यासारखं. वीस वर्षांपूर्वी तिनं अर्धशिशीवर कायमची बोटॉक्सची इंजेक्शनं घेतली होती. त्याआधी ती सुंठेचा लेप लावून अंधारात पडून राहायची. लेप सुटला तेव्हा मृदुलानं पेढे वाटले होते.

"तिथले स्नायू कायमचे निजवलेत तिचे. आठ्या पडणार कुठून?"

"कळतंय हो मला. पण मशीन डॉक्टरांचंही ऐकत नाही." सिस्टरनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "असं करा, आईच्या तोंडावर वाका. कॅमेऱ्याला तुमचं कपाळ दिसू दे. चांगल्या आठ्या घाला. औषधाची सुई आईच्याच हातात टोचलेली आहे. मीच केलं असतं, पण स्टाफचे चेहरे ते ओळखतं."

मृदुला जागची हलली नाही.

"अहो, वाका ना!"

ती वाकली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पडद्यावरचं शून्य तसंच राहिलं.

गेल्या दिवाळीत आईनंच तिला हाताला धरून त्याच इंजेक्शनांना नेलं होतं. म्हणाली होती, "माझ्यासारखं भोगू नकोस गं."