नाव कुणाचं

जॉर्डनमधल्या माआन शहराच्या मैदानावर दोन शाळांच्या मुलींची शर्यत सुरू झाली आणि एका बाजूच्या मुलींनी "रुफैदा! रुफैदा!" असा एकच गजर केला. अबू सालेम ताडकन उठला.

"चारचौघांत माझ्या लेकीच्या नावाचा पुकारा? आत्ताच्या आत्ता घरी नेतो तिला!"

"बसा हो, अबू सालेम," मागून शाळेच्या बाई म्हणाल्या. "आपल्या शाळेचं नावही रुफैदाच ना? मुली शाळेच्या नावानं ओरडतायत."

तो धुसफुसत बसला. तेवढ्यात त्याची रुफैदा सगळ्यांना मागं टाकून पहिली आली. आता हरलेल्या शाळेच्या मुलीही उभ्या राहून तेच नाव घेऊ लागल्या.

अबू सालेमनं वळून विचारलं, "आणि या?"

बाई चाचरल्या. "या... तुमच्या लेकीच्या नावानं."

"मग जरा मोठ्यानं ओरडा म्हणावं त्यांना!"