किल्ल्यावर आलेली बाबागाडी

बाबागाडी बोटीतून धक्क्यावर उतरवायला बोडिलनं हात पुढे केला, तशी ती पोरगी गाडीवर ओणवीच झाली.

"नको नको, मी घेते."

"अगं, खाली समुद्र आहे. एकटीनं कशी घेशील?"

शेवटी दोघींनी मिळून ती उतरवली. चांगलीच जड होती.

"बाळ केवढं आहे गं?" बोडिलनं धापा टाकत विचारलं.

"सात महिन्यांचं."

"सात महिन्यांत एवढं? खायला काय घालतेस, लोखंड?"

पोरगी हसली नाही.

बाकीचे प्रवासी जमल्यावर बोडिलनं रोजचं पुराण एका दमात म्हणून टाकलं. तोफांवर चढू नका, बदकं अंड्यांवर बसली आहेत त्यांना त्रास देऊ नका, कुत्री-मांजरं बोटीतच राहू द्या, बेटावर त्यांना बंदी आहे, संडास डावीकडे, बोट दोनला सुटते, चुकली तर उद्यापर्यंत माझ्या हातचं जेवावं लागेल. लोक हसले. किल्ल्याचा दिंडी दरवाजा उघडायचा, तिकिटं फाडायची, बुरुजात कॉफी विकायची आणि बेटाचे नियम सांभाळायचे, सगळं बोडिलकडेच. बोटीचा कप्तान येप्पे तिला किल्लेदारीणबाई म्हणायचा. ती वरवर चिडायची.

लोक तोफांकडे पांगले. पोरगी तिथंच घुटमळली.

"थोरवाल्ड कुठं राहतात?"

बोडिलच्या कपाळाला आठी पडली. थोरवाल्डकडे कधी कुणी येत नसे. दोन वर्षांपूर्वी बहीण वारली, तेव्हा सैनिकांच्या जुन्या चाळीतल्या तिच्या घरात तो राहायला आला. आला त्या दिवशी सामान धक्क्यावर टाकून, परत निघालेल्या बोटीकडे कितीतरी वेळ बघत उभा होता. बोडिलनंच त्याला दंडाला धरून वर आणलं होतं. आता तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. नर्स सकाळी येऊन जाई. बोडिल दुपारी सूप नेई आणि तसंच परत आणी. आता फार दिवस नाहीत, हे बेटावर सगळ्यांना माहीत होतं.

"तू कोण त्यांची?"

"ओळखीची. सिसेल."

"आणि बाळाचं नाव?"

सिसेलनं समुद्राकडे पाहिलं. "अजून ठेवलं नाही."

 बोडिलच्या मनात चक्र सुरू झालं. सात महिन्यांचं पोर आणि नाव नाही? सहा महिन्यांच्या आत नाव नोंदवलं नाही, तर सरकार घरी पत्र धाडतं. ज्या बाईला पोर झालंय तिला हे माहीत नाही, असं होईल?

"वर चल, कॉफी घे. थोरवाल्डचं घर तिथूनच पुढे आहे."

बुरुजाच्या आडोशाला वारा नव्हता. तिथं आधीच दोन बाबागाड्या उभ्या होत्या. पोरं आत गाढ झोपलेली, आया बुरुजात केक खात बसलेल्या. सिसेल मात्र आत आली नाही. गाडीच्या दांडीवर हात ठेवून बाहेरच उभ्या उभ्या कॉफी प्यायली. असा पहारा कोण देतं? आपलं पोर कुणी नेईल, असा विचार इथं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. ज्यानं दुसऱ्याचं नेलंय त्याच्याच येईल.

"दूध तापवून देऊ बाळाला?"

"नको. कलेजीची पेस्ट लावलेला एक पाव द्या."

"तुला?"

"हं."

पाव तिनं खाल्ला नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवला. तेवढ्यात गाडीतून कण्हल्यासारखा बारीक आवाज आला. बोडिल वाकली. सिसेलनं चटकन टप खाली ओढला.

"आजारी आहे का गं? उतरल्यापासून एकदाही रडलं नाही."

"औषध दिलंय. प्रवासात झोपावं म्हणून. थोडंसंच."

"डॉक्टरला विचारून?"

"डॉक्टरनीच दिलं," सिसेल म्हणाली, आणि गाडी ढकलत चालायला लागली.

बोडिलनं कॉफीचं भांडं तसंच टाकलं आणि येप्पेला फोन लावला.

"येप्पे, त्या पोरीनं मूल पळवलंय."

"मागच्या महिन्यात तो जर्मन माणूस हेर होता. निघाला पक्षी मोजणारा."

"थट्टा पुरे. मुलाला नाव नाही, बरोबर दूध नाही, औषध घालून झोपवलंय. मला बघूही देत नाही. आणि चाललीय मरायला टेकलेल्या म्हाताऱ्याकडे. कुणी विचारलं तर तो काय सांगणार?"

 "आणि खरंच आई असली तर? चारचौघांत तिच्यामागे पोलीस लावशील?"

"तर हात जोडून माफी मागेन. पण नसली, आणि दोनच्या बोटीनं पलीकडे उतरून नाहीशी झाली तर? कुणाची तरी आई कुठंतरी वेडी झाली असेल रे. पोलिसांचा नंबर काढून ठेव. मी बघून सांगते. फोन ठेवू नकोस."

थोरवाल्डचं दार आतून लावलेलं होतं. या बेटावर कुणी दार लावत नाही.  फोन मुठीत धरून बोडिल घराच्या मागं गेली. खिडकीच्या पडद्याला बोटभर फट होती. तिनं कपाळ काचेला टेकवलं.

गाडी रिकामी होती. सिसेल तिच्याशेजारी जमिनीवर बसून दोन्ही हातांनी डोळे पुसत होती. आणि थोरवाल्ड भिंतीकडून इकडे वळला होता. पाण्याचा पेलाही न उचलणारा त्याचा हात पांघरुणावरून सावकाश फिरत होता.

"आलास का रे, म्हाताऱ्या?" तो म्हणत होता. "आलास?"

पांघरुणाखालून कुत्र्याचं करडं, केसाळ तोंड वर आलं आणि त्याची हनुवटी चाटू लागलं.

"बोडिल? लावू का पोलिसांना?" फोनमधून येप्पे ओरडत होता. "अगं, बाळ दिसलं का?"

"दिसलं," बोडिल म्हणाली. "आजोबांच्या कुशीत आहे. बोट जरा थांबव."